रत्नागिरी: गाडीच्या एसीचा गॅस दर उन्हाळ्यात 'संपतो', कंडेन्सर बदलू का?

मिऱ्याचा_वारा
मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडी २०१४ ची, पेट्रोल, लहान हॅचबॅक. घर मिऱ्याच्या बाजूला त्यामुळे बारा महिने खाऱ्या वाऱ्यात उभी, शेड आहे पण समुद्राच्या बाजूने उघडीच. गेली काही वर्षं असं चाललंय की मार्च उजाडला की एसी कोमट, गॅरेजवाला म्हणतो गॅस संपलाय, भरून घ्या, आपण भरतो, पावसापर्यंत भागतं, पुढच्या मार्चला परत तेच. यंदा भरलेला गॅस एप्रिलसुद्धा पुरला नाही. हातखंब्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तर आईने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली, त्यावरून काय ते समजा.

आता दुसऱ्याला दाखवली. त्याने गेज लावलं, साबणाचा फेस मारला, मग पिवळा गॉगल घालून जांभळी टॉर्च मारली (आधी कोणीतरी डाय, म्हणजे टॉर्चमध्ये चमकणारा रंग, गॅसमध्ये घातलेली होती म्हणे) आणि सांगितलं कंडेन्सर गेलाय, खालचा डावा कोपरा. लोकल ३२००, कंपनीचा ६८००, ड्रायर-गॅस-मजुरी वेगळी. माझा आतेभाऊ म्हणतो कशाला एवढे घालवतोस, गॅसचे डबे मिळतात, आपणच घरी भरू. बदलूच का? लोकल की ओरिजिनल? आणि घरी होतं का हे?

पत्त्यांचा_अड्डा
काचा खाली कर, समुद्राचा वारा फुकट आहे. लोक पैसे भरून येतात तिकडे.

मिऱ्याचा_वारा
मे महिन्यात दुपारी दोन वाजता ये, तुलाच बसवतो गाडीत, काचा खाली करून लांज्यापर्यंत नेऊन आणतो.

जुना_फिटर
चिपळूणला बरीच वर्षं गाड्यांच्या एसीचं काम केलंय, आता मुलगा बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गॅस संपत नसतो. पेट्रोलसारखा तो जळत नाही. कॉम्प्रेसर दाबतो, पुढे कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून पातळ होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो, मग डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉईलमध्ये उकळताना केबिनची उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे. तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. दरवर्षी नुसता भरून देणारा माणूस तुम्हाला भोक न बुजवता टाकी भरून देतोय.

आता आपल्याकडे कंडेन्सरच का जातो. तो रेडिएटरच्याही पुढे, ग्रिलच्या लगेच मागे असतो, सगळ्यात आधी वारा, चिखल, दगड त्यालाच. ॲल्युमिनियमवर एक पातळ ऑक्साईडचा थर असतो, तो त्याला सांभाळतो, पण मिठातला क्लोराईड त्या थराला बारीक बारीक खड्डे पाडतो. आणि जिथे लोखंडी ब्रॅकेट ॲल्युमिनियमला टेकलेलं असतं आणि मध्ये खारी ओल राहते तिथे तर ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, लोखंड नंतर. खालचा कोपरा जातो कारण तांबडी माती, पानं, किडे सगळं खाली कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत साचतं आणि ओलं राहतं. नळ्या चपट्या, आत बारीक बारीक बोगदे, भिंत पातळ. एक खड्डा आरपार गेला की झालं.

अजून एक, लीक नसला तरी फिन, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या घड्या, बोटाने चोळल्यावर पांढरी भुकटी पडत असेल तर तो कंडेन्सर उष्णता बाहेर टाकतच नाही. गॅस बरोबर असून एसी कोमट, अशा गाड्या दापोली-गुहागरकडून कितीतरी यायच्या.

पण बदलायच्या आधी पंखा बघा. गाडी चालताना गार आणि सिग्नलला, घाटात हळू चढताना कोमट, असं असेल तर आधी पंखा, त्याचा रिले, वायर. एसी चालू केल्यावर पुढचा पंखा फिरलाच पाहिजे.

मिऱ्याचा_वारा
पंखा फिरतोय, बघितलं. चालतानासुद्धा कोमटच. फोटो टाकलाय, खालच्या कोपऱ्यात तेलकट काळा डाग दिसतोय का?

जुना_फिटर
दिसतोय. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, भोकातून गॅस उडून जातो, तेल तिथेच बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. टॉर्चवाल्याने बरोबर सांगितलंय.

सावर्ड्याचा_सुभान्या
काका, 'गॅस अजिबात कमी होत नाही' हे जरा जास्त झालं. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा थोडा जातोच की. माझ्या जुन्या गाडीत सात-आठ वर्षांनी कमी पडला होता, लीक कुठेच सापडलं नाही.

जुना_फिटर
मान्य. वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात, म्हणून इतक्या वर्षांनी एकदा भरायला लागला तर तक्रार नाही. दर मार्चला भरावा लागतो त्याला झिरपणं म्हणत नाहीत.

वेंगुर्ल्याचो_झील
माझी पिकअप रोज बंदरार जाता, माशांच्या बर्फाचा खारा पाणी सगळीकडे. मी काय करतंय, घराक इल्यार पुढसून गोड्या पाण्यान धुवून काढतंय, साध्या पायपान, हळू. कंडेन्सर अजून तोच आसा. पण त्या प्रेशरवाल्या वॉशिंगवाल्याक हात लावूक देव नकात, सगळे फिन आडवे करून टाकता.

कलमवाली
झीलदादाला +१. फिन आडवे झाले की वारा जायलाच जागा राहत नाही.

माझा अनुभव सांगते कारण फार महागात पडलाय. सीझनला मी स्वतः पेट्या घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला जाते, एसी हवाच, माल गरम झाला तर पिकून बसतो. एका गॅरेजवाल्याने 'कंडेन्सर कशाला, लीक बंद करायचं औषध घालतो' म्हणून काहीतरी ट्यूब रिकामी केली. थोडे दिवस छान चाललं. मग गारवा गेला, आवाज यायला लागला, दुसऱ्याने उघडलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चिकटलेला आणि कॉम्प्रेसरसुद्धा बाद. त्या औषधाचा चिकटा सगळीकडे. कंडेन्सर बदलायला लागला तो लागलाच. त्यामुळे लीक-स्टॉप कोणी सुचवलं तर गाडीची चावी परत मागा.

सावर्ड्याचा_सुभान्या
वेल्डिंग का नाही करत? आमच्याकडे ॲल्युमिनियम वेल्डिंगवाला आहे, चारपाचशेत करून देतो.

जुना_फिटर
पाईपचा फ्लँज तुटला, जाड जागा आहे, तर वेल्डिंग चालतं, मी केलंय. पण मिठाने खाल्लेली जाळी वेल्ड करायची म्हणजे एक भोक बुजवताना शेजारची दोन वितळतात. आणि बाकीचे खड्डे रांगेत उभेच आहेत.

मिऱ्याचा_वारा
ठीक, बदलायचं ठरलं. लोकल की कंपनीचा? आणि ड्रायर बदलायलाच हवा का, तो म्हणतो जुनाच चालेल, पैसे वाचतील.

कलमवाली
रत्नागिरीत नसेल तर कोल्हापूरहून मागवायला सांगा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल येतं. चॅसी नंबर देऊनच ऑर्डर करा, एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी पाईपची जागा बदललेली असते आणि मग परत पाठवायचा ताप. पार्सल घेताना दोन्ही तोंडांना प्लास्टिकची टोपी आहे का बघा. टोपी नसेल तर आत दमट हवा शिरलेली, घेऊ नका. भंगारातला तर अजिबातच नको.

जुना_फिटर
लोकलमध्ये पण चांगले येतात, आणि अगदी पत्र्यासारखे टाकाऊ पण येतात. हातात घेऊन बघायचं: फिन जवळजवळ आहेत का, नळ्यांच्या ओळी जुन्याइतक्याच आहेत का, पकडायचे कान जाड आहेत का. दोन्ही शेजारी ठेवा, डोळ्याला कळतं. समुद्राकाठी राहताय आणि गाडी अजून पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर कंपनीचा घ्या. विकायची असेल तर लोकल.

ड्रायर बदलायचाच. त्यात ओलावा शोषणारे मणी असतात. सिस्टिम भोकातून रिकामी होऊन उघडी पडली होती, तीही आपल्या हवेत, मणी कधीच भरले. बऱ्याच नव्या कंडेन्सरला तो बाजूला जोडलेलाच असतो, आधी विचारा, नाहीतर दोनदा पैसे द्याल. ओ-रिंग, म्हणजे पाईपच्या जोडातल्या रबरी रिंगा, त्याही नव्या, एसीच्याच, बहुतेक हिरव्या असतात. नळाच्या दुकानातल्या काळ्या नाही.

डोंबिवलीचा_चाकरमानी
धागा वाचतोय, गणपतीला गाडी घेऊन यायचीय म्हणून. काका, प्रत्यक्ष काम कसं होतं ते लिहा ना, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. कुठे शॉर्टकट मारतात तेही.

जुना_फिटर
लिहितो, पण वाचून घरी करायला घेऊ नका.

आधी उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा. बरेच जण व्हॉल्व्ह दाबून हवेत सोडतात, फुस्स झालं की काम सुरू, ते चूक. मग बंपर, ग्रिल, काही गाड्यांना रेडिएटर मागे ढकलावा लागतो. पाईपचे नट सहसा १० चे असतात, आपल्याकडे गंजून धरलेले, तिथे घाई केली की पाईपच पिळवटतो, म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवायचा. पाईप सुटला की लगेच टोप्या लावायच्या, चहाला जायचं तर टोपी लावून.

नवा बसवायच्या आधी तेल. जुन्या कंडेन्सरबरोबर थोडं तेल गेलेलं असतं, तेवढं परत घालायचं, लहान गाड्यांना साधारण २० ते ४० एमएल, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. कमी घातलं तर कॉम्प्रेसर घासतो, जास्त घातलं तर कूलिंग कॉईलमध्ये तेल बसून गारवा कमी. तेल कुठलं, पीएजी ४६ की १००, तेही मॅन्युअल सांगतं. डबा सीलबंद पाहिजे, कारण पीएजी तेल हवेतला ओलावा पितं. अर्धा डबा कपाटात वर्षभर पडलेला, तो आपल्या गाडीत घालू द्यायचा नाही. ओ-रिंगला तेच तेल बोटाने लावायचं, ग्रीस नाही.

मग नायट्रोजन मारून लीक बघायचं. हे निम्मे लोक करत नाहीत. साधी कॉम्प्रेसरची हवा भरून बघणारे पण आहेत, तीच हवा टायरची, पाण्याने भरलेली, ती नको.

मग व्हॅक्यूम पंप, कमीत कमी अर्धा तास, पावसाळी हवेत पाऊण-एक तास. नंतर पंप बंद करून व्हॉल्व्ह बंद आणि काटा तसाच थांबतोय का ते पंधरा-वीस मिनिटं बघायचं. काटा उठला तर गॅस भरायचा नाही, परत लीक शोधायचं. शॉर्टकट सगळ्यात जास्त इथेच, पंप दहा मिनिटं चालवून 'झालं साहेब'.

डोंबिवलीचा_चाकरमानी
व्हॅक्यूमबद्दल थोडं मी घालतो. नुसती हवा काढणं हा हेतू नाही, ओलावा काढायचाय. ३० अंशाला पाणी सुमारे ४२ मिलिबार दाबाला उकळतं, हवेचा दाब १०१३. म्हणजे काटा तळाच्या अगदी जवळ जाईपर्यंत आतलं पाणी वाफच होत नाही, आणि झाल्यावर ती वाफ ओढून काढायला वेळ लागतो. राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो, एसी गार होतो, मधेच बंद पडतो, परत गार होतो. शिवाय तेलाबरोबर आम्ल तयार होऊन आतून खातो तो वेगळाच.

गंमत म्हणजे रत्नागिरीत समुद्रसपाटीला व्हॅक्यूमचं गेज पाऱ्याच्या जवळपास ३० इंचापर्यंत जायला हवं, पण हेच काम आंबोलीत केलं तर चांगला पंपसुद्धा साडेसत्तावीसच्या आसपास थांबेल, कारण तिथे हवाच विरळ. तिथला मेकॅनिक उगाच पंपाला शिव्या घालेल.

आणि हवेत गॅस सोडण्याबद्दल: गाड्यांच्या एसीतला जुना गॅस आर-१२ ओझोनमुळे बंद झाला, त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. ४०० ग्रॅम सोडला म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं.

मिऱ्याचा_वारा
आता आतेभावाचं काय करू? त्याने डबे बघून ठेवलेत.

जुना_फिटर
त्याला हे वाचायला द्या.

डबेवाले प्रेशर बघून भरतात. आर-१३४ए चं प्रेशर तापमानावर असतं, किती गॅस आहे त्यावर नाही. गाडी बंद असताना ३२ अंशाला दोन्ही गेज शंभर पीएसआयच्या आसपास दाखवतात, आत थोडासा जरी पातळ गॅस शिल्लक असेल तरी तेवढंच दाखवतात. म्हणून रिकाम्या सिस्टिममध्ये वजनकाट्यावर भरणं हाच मार्ग. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाड्यांना साडेतीनशे ते पाचशेच्या मधे. पन्नास-साठ ग्रॅम जास्त गेला तरी हाय प्रेशर चढतं, गारवा उलट कमी होतो आणि पट्टा ओरडायला लागतो. 'जास्त भरा, जास्त गार' असं नसतं.

धोका म्हणाल तर गॅस उणे २६ अंशाला उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाईल, गॉगल आणि हातमोजे लागतातच. इंजिन चालू असताना फक्त लो साईडने, म्हणजे कमी दाबाच्या पाईपकडून, डबा उभा धरून, वाफ भरायची. चालू इंजिनला हाय साईडचा व्हॉल्व्ह उघडला तर उलट दाब डब्यात येऊन डबा फुटतो. आणि स्वस्त डब्यांत काही वेळा एलपीजीसारखाच पेट घेणारा गॅस भरलेला असतो, गार करतो झकास, पण लीक झाला तर केबिनमध्ये.

टॅक्सी_गणपतीपुळे
माझी इलेक्ट्रिक आहे, हेच सगळं लागू का?

जुना_फिटर
कंडेन्सरला मीठ तितकंच खातं. पण तेल वेगळं. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची मोटर तेलातच बसलेली असते, म्हणून वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. आधी पेट्रोल गाडीला वापरलेल्या मशीनच्या होजमधून थोडं पीएजी गेलं तरी इन्सुलेशन बिघडून गाडी एरर देते. आणि नारिंगी वायर दिसल्या की हात मागे. ते काम हाय-व्होल्टेज शिकलेल्याकडेच. तसंच काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्याची तोंडं वेगळी, जुनं मशीन बसत नाही, गॅसही फार महाग. स्टिकर वाचा.

मिऱ्याचा_वारा
मंडळी, काम झालं, हिशोब टाकतो.

कंपनीचाच घेतला, ड्रायर जोडलेला आला त्यामुळे तो खर्च वाचला. ६८०० कंडेन्सर, ओ-रिंग आणि तेल ४५०, गॅस १३००, मजुरी १८००, एकूण १०३५०. टॉर्चवाल्याकडेच केलं. मी स्टूल टाकून समोरच बसलो, त्याला आधी राग आला, मग स्वतःच एकेक दाखवायला लागला. जुना काढला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे सुरूची पानं आणि वाळूचा अक्षरशः थर होता, आणि खालचं ब्रॅकेट टेकत होतं तिथे ॲल्युमिनियम कागदाएवढं राहिलेलं. त्याने नव्याला तिथे रबराचा तुकडा घातला, म्हणाला लोखंड थेट टेकायला नको.

व्हॅक्यूम पाऊण तास, काटा हलला नाही. स्टिकरवर ३८० ग्रॅम, वजनकाट्यावर तेवढेच. बाहेर ३४ डिग्री असताना लो साईड ३८ आणि हाय साईड २२५ पीएसआय, मधल्या जाळीत थर्मामीटर खुपसला तर ८ डिग्री. काका, आकडे बरे आहेत ना? आई मागे बसून शाल मागत होती.

जुना_फिटर
एकदम बरोबर. त्या हवेला लो ३५ ते ४५ आणि हाय २०० ते २५०, त्यातच आहात. बिलावर ३८० ग्रॅम लिहून घ्या, पुढे कोणी 'गॅस कमी आहे' म्हणालं तर मशीनने काढून वजन करता येतं.

पत्त्यांचा_अड्डा
दहा हजारात आमच्याकडे चार वर्षं पंखे फिरले असते.

कलमवाली
तुमच्या पंख्याखाली हापूस पिकवायला पाठवते.

वेंगुर्ल्याचो_झील
वारा, आता दर रविवारी गोड्या पाण्यान धुव, पावसात नको, पावसात देवच धुता. आणि वाळयेत गाडी घालू नको.

सावर्ड्याचा_सुभान्या
काका, एक शेवटचं. माझी आठ सीटर आहे, मागेही एसी. मागचा गार होत नाही, पुढचा झकास. हाही कंडेन्सरच का?

जुना_फिटर
पुढचा झकास असेल तर कंडेन्सर सहसा नाही. मागे वेगळी कूलिंग कॉईल आणि वेगळा व्हॉल्व्ह असतो, आणि गाडीखालून जाणारे लांब ॲल्युमिनियमचे पाईप. आधी मागच्या ब्लोअरची हवा पूर्ण येते का बघा. मग गाडी उचलून मागच्या चाकाजवळ पाईप बघा, चिखल आणि मीठ तिथे बसतं, तेलकट डाग असेल तर तोच. गॅस जरा कमी झाला तरी अशा गाड्यांत मार आधी मागच्या कॉईलला बसतो. अशा गाड्यांना गॅस लहान गाडीपेक्षा बराच जास्त लागतो, तेव्हा हॅचबॅकच्या अंदाजाने भरू देऊ नका. स्टिकरचा आणि पाईपचा फोटो टाका, मग बोलू.